व्यवसाय? छे, असंच आपलं

देशात दरवर्षी किती माणसं नवा व्यवसाय सुरू करतात हे मोजणं वर्लिन ऑस्बीच्या मते अगदी सोपं काम होतं. माणसाला फोन करायचा, एक सरळ प्रश्न विचारायचा, उत्तर टिपायचं आणि फोन ठेवायचा.

"लोक उगाच अवघड करून ठेवतात," कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तो नव्या प्राध्यापकांना सांगायचा. जुने प्राध्यापक तोवर टेबल बदलून बसलेले असायचे. "सरकारदरबारी नोंदलेल्या कंपन्या मोजाव्यात, तर त्यातल्या निम्म्या नुसत्या कागदावर. करखात्याला विचारावं, तर ते दोन वर्षांनी सांगणार. त्यापेक्षा थेट माणसालाच विचारा की. स्वतःच्या धंद्याबद्दल माणूस कशाला लपवेल?"

वर्लिनचा जन्म बर्च पोर्टेजचा, शिक्षण मिनेसोटातलं, लग्न पलीकडच्या गावातल्या मुलीशी. असलं वाक्य बोलायला माणूस निदान परगावचा तरी असायला हवा होता.

बर्च पोर्टेज हे आमचं कॅनडाच्या हद्दीजवळचं, तळ्याकाठचं गाव. तळं हिवाळ्यात गोठतं, माणसं बाराही महिने. इथल्या कॉलेजच्या तळघरात, जुन्या बाकांच्या ढिगाऱ्यापलीकडे, वर्लिनची खोली होती. तीन फोन, एक हीटर, आणि फोन करणाऱ्या डोरीनबाई. ही खोली एका जगभरच्या पाहणीचा भाग होती. बऱ्याच देशांत एकाच सुमारास, एकाच शब्दांत, एकच प्रश्न फोनवरून विचारला जायचा: "गेल्या बारा महिन्यांत तुम्ही, एकट्याने किंवा कोणाबरोबर, नवा व्यवसाय सुरू करण्यासाठी काही केलं आहे का?" मुख्य कचेरी बोस्टनला. बर्च पोर्टेज आणि आसपासच्या गावांतली माणसं मोजण्याचं काम वर्लिनकडे. आपण नसलो तर देशाचा आकडा चुकेल, अशी त्याची समजूत होती. ही समजूत सोडली तर घरी आणि कॉलेजात त्याला कोणी फारसं विचारत नसे.

दर हिवाळ्यात पहिला फोन लावण्याआधी वर्लिन तो प्रश्न बायकोला विचारून बघायचा. त्याची रंगीत तालीम मार्लिसवर व्हायची. यंदाही जेवायच्या टेबलावर त्याने घसा खाकरला. मार्लिस त्याच्या ताटात हॉटडिश वाढत होती. खाली खिमा, मध्ये डब्यातलं अळंबीचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर आणि सगळं भट्टीत भाजलेलं. गेले कित्येक महिने रात्रीच्या जेवणाला हेच असायचं.

"गेल्या बारा महिन्यांत तुम्ही, एकट्याने किंवा कोणाबरोबर, नवा व्यवसाय सुरू करण्यासाठी काही केलं आहे का?"

"छे," मार्लिस म्हणाली. "तसं काही नाही." आणि डाव तसाच हवेत धरून ती क्षणभर थांबली.

"उत्तम," वर्लिन म्हणाला. "प्रश्न झकास चालतोय. आणखी थोडं वाढ."

मार्लिसने वाढलं.

डोरीनबाईंनी फोन सुरू केले. आठवडाभराने त्या वर्लिनच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, जाड चष्म्याच्या, घरंदाज बाई. वाईट बातमी सांगताना त्या स्वेटरची बटणं खालपासून वरपर्यंत लावत. आज वरचं बटणही लागलेलं होतं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

"एकही काय नाही?"

"एकानेही हो म्हटलेलं नाही, वर्लिन. सगळे नाही म्हणतात. एकाशी बोलत होते तर मागे करवत चालली होती. मधेच तो म्हणतो, जरा थांबा हं, गिऱ्हाईक आलंय. परत आला आणि म्हणाला, नाही हो, व्यवसाय कसला, असंच आपलं."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"नाही लिहिलं. उत्तर देणाऱ्याच्या तोंडचं लिहायचं, असं तूच सांगितलं होतंस."

आकडा बोस्टनला गेला आणि दुसऱ्याच दिवशी डॉ. फेरांटेंचा फोन आला. पाहणीच्या या मुख्य बाई. त्या बोलायला लागल्या की समोरच्याला वाटायचं, आपली गाडी चुकीच्या जागी उभी आहे.

"ऑस्बी, तुमच्या भागात शून्य आलंय."

"हो. म्हणजे, तसं दिसतंय खरं."

"युद्ध चाललेल्या देशांतसुद्धा माणसं चहाची टपरी टाकतात. तुमच्याकडे कोणी लिंबाचं सरबतही विकत नाही?"

"हिवाळा आहे," वर्लिन म्हणाला.

"हे बघा. आयोवा राज्यात आता फोन करणारं यंत्र बसवलंय, माणूस लागत नाही. तुमचा भागही तिकडे जोडून टाकावा असं इथे सगळ्यांचं म्हणणं आहे. मी तूर्त थांबवलंय. या शून्याचं काहीतरी स्पष्टीकरण द्या, नाहीतर तळघराला कुलूप लावा."

वर्लिनला विचार करायला वेळ हवा होता. त्या दिवशी तो चालतच घरी निघाला. चालत निघण्याचं दुसरंही कारण होतं. गाडी सुरू होत नव्हती. उणे वीसच्या थंडीत रात्रभर उघड्यावर ठेवली की गाडी अशी रुसते. घराला चांगलं ऐसपैस गॅरेज होतं, पण गेल्या हिवाळ्यात मार्लिस म्हणाली होती, गाडी जरा बाहेर ठेवशील का? "गॅरेजमध्ये काय आहे?" त्याने विचारलं होतं. "काही नाही, थोडं सामान." आमच्याकडे सभ्य माणूस यापुढे विचारत नाही. तेव्हापासून सभ्य माणूस रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत होता.

वाटेत त्याला हालवर स्कारचं अंगण लागलं. हालवर म्हणजे शेजारी, त्याच्याच वर्गातला. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायला लाकडी खोपटी लागते, तशा चार नव्या कोऱ्या खोपट्या अंगणात उभ्या होत्या. पाचवीला हालवर दार बसवत होता.

"हालवर, हा व्यवसाय झाला तुझा."

"छे रे. लोक येतात, पैसे ठेवून जातात. मी काही कोणाला अडवत नाही."

"अरे, पण फोनवर विचारलं तेव्हा नाही का म्हणालास?"

"फोन करणाऱ्या बाईला काय सांगायचं, मी मोठा कारखानदार आहे म्हणून?" हालवरने खिळा तोंडातून काढला. "मी करतो त्याला धंदा म्हणत नाहीत. धंदा करणारी माणसं वेगळी. काय कामाचा उरक, काय नीटनेटकेपणा. अर्थात, तुला काय सांगायचं." आणि त्याने वर्लिनच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली.

ही थाप कशाबद्दल, हे वर्लिनने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात वीज चमकली होती. आमची माणसं स्वतःबद्दल मेली तरी बोलणार नाहीत, पण शेजाऱ्याबद्दल दिवसभर बोलतील. म्हणजे चूक माणसांत नव्हती. चूक प्रश्नात होती.

दुसऱ्या दिवशी तळघरात नवा प्रश्न लागला: "गेल्या बारा महिन्यांत नवा व्यवसाय सुरू केलेलं कोणी तुमच्या ओळखीत आहे का?"

आणि धरण फुटलं. आहे की. हो तर. आहे म्हणजे काय, कालच भेटलो. जी माणसं स्वतःचं नाव सांगताना घुटमळायची ती आता फोन ठेवेनात. डोरीनबाईंना घोट घोट पाणी प्यावं लागलं. पण तिसऱ्या दिवशी त्यांचं वरचं बटण पुन्हा लागलेलं दिसलं.

"वर्लिन, एक सांगायचं होतं. हे जे सगळे सांगतायत ना, ते..."

"डोरीनबाई, नाव नको."

"नाव घेत नाही मी. पण सगळ्यांच्या बोलण्यात..."

"बाई, तुम्ही शपथ घेतली आहे. फोनवर ऐकलेलं कोणा माणसाबद्दलचं एक अक्षर या खोलीत बोलायचं नाही. मलासुद्धा नाही. विशेषतः मलाच नाही. मी आकड्यांचा माणूस आहे, मला फक्त हो किती आणि नाही किती एवढंच कळलं पाहिजे."

डोरीनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. शाळेत असताना एखादा मुलगा दोन पायांत वेगवेगळे बूट घालून आला की त्या अशाच बघत.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझी खोली, तुझे नियम."

शंभरात त्र्याहत्तर जण हो म्हणाले. वर्लिनने चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. गावातल्या चारपैकी जवळजवळ तिघांना नवा उद्योजक माहीत आहे. मग असे उद्योजक किती असतील? त्याने गणित मांडलं आणि स्वतःच हबकला. या हिशेबाने बर्च पोर्टेजमध्ये नवा व्यवसाय न काढलेला माणूस शोधायला गाडी घेऊन हिंडावं लागलं असतं. गावच्या साप्ताहिकाने बातमी छापली आणि शेजारी त्याचा फोटो. फोटोत तो तळ्याकडे बघत होता, जणू तळंही त्यानेच मोजलं होतं.

"बघितलंस?" त्याने मार्लिसला अंक दाखवला. ती काळा कोट घालून दारात उभी होती. अलीकडे ती सारखीच कोणा ना कोणाच्या अंत्यविधीला जायची. गावात मरणाचं प्रमाण वाढलंय की काय, अशी वर्लिनला शंका येऊ लागली होती. आरोग्य खात्याला कळवायचंही त्याने एकदा मनात घेतलं होतं.

"छान आलाय फोटो," मार्लिस म्हणाली. "मग, कोण कोण आहेत हे व्यवसायवाले?"

"ते विचारायचं नसतं."

"अच्छा," ती म्हणाली आणि गेली.

बोस्टनचा फोन आला. "ऑस्बी, त्र्याहत्तर हा आकडा मी जगात कुठे पाहिलेला नाही," डॉ. फेरांटे म्हणाल्या. "तुम्ही भलताच प्रश्न विचारलाय, पण असू द्या. मी येते. मला तीन माणसं दाखवा. फक्त तीन. मी मूळचा प्रश्न विचारीन आणि त्यांनी माझ्यासमोर हो म्हणायचं. तिघांनी हो म्हटलं तर तुमची खोली तुमच्याकडे राहील."

"तीनच?" वर्लिन हसला. "तुम्हाला निवड करायला त्रास होईल."

मार्च महिन्यात डॉ. फेरांटे आल्या. पायात शहरी बूट, हातात भाड्याच्या मोटारीची किल्ली, आणि संध्याकाळच्या विमानाचं तिकीट. डोरीनबाईंनी नेमकी त्याच दिवशी रजा मागितली होती, कोणाचा तरी अंत्यविधी आहे म्हणून. वर्लिन एकटाच पाहुणीला घेऊन निघाला, थेट हालवरकडे. आता अंगणात नऊ खोपट्या होत्या.

"कॉफी घेणार?" हालवरने पाहुणीला विचारलं.

"हो, द्या," डॉ. फेरांटे म्हणाल्या.

हालवर जागच्या जागी थबकला. आमच्याकडे कॉफी विचारली की आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं की उगीच तुम्हाला त्रास, असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की बरं, अर्धा कप, म्हणायचं आणि मग तीन कप प्यायचे. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर बोस्टनचा. हालवरने कॉफी केलीच नव्हती, कारण अजून दोन वेळा विचारायचा वेळ हाताशी होता. तो घाईघाईने आत पळाला.

कॉफी आल्यावर डॉ. फेरांटेंनी प्रश्न विचारला. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही, एकट्याने किंवा कोणाबरोबर.

हालवरने नऊ खोपट्यांकडे पाठ केली. "छे हो. तसं काही नाही."

"ठीक आहे," म्हणून डॉ. फेरांटे उठल्या.

"मॅडम, त्या खोपट्या," वर्लिन म्हणाला.

"ते नाही म्हणालेत, ऑस्बी. उत्तर देणाऱ्याच्या तोंडचं लिहायचं असतं."

"खरा व्यवसाय बघायचा असेल ना," हालवर सलगीने म्हणाला, "तर ते मी याच्यासमोर काय सांगू? वर्लिन नेईलच की तुम्हाला." आणि डोळा मारला.

वर्लिनला ते गोपनीयतेचं भान वाटलं. किती सुजाण लोक आहेत आपले, असं तो गाडीत म्हणालाही.  पुढच्या वळणावर डॉ. फेरांटेंनी न्हाव्याच्या नव्या दुकानात प्रश्न विचारला, न्हावी छे म्हणाला. मग मधमाश्यांच्या पेट्या करणाऱ्या जोडप्याला विचारला, ते दोघं एका सुरात छे म्हणाले. आणि प्रत्येकाने वर्लिनकडे बघून तसंच ओळखीचं स्मित केलं. दुपार झाली. वर्लिनला त्या थंडीत घाम फुटला.

"चर्च," तो म्हणाला. "पास्टर इंगांना सगळं गाव माहीत असतं."

चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरचं जेवण चाललं होतं. लांब टेबलांवर ॲल्युमिनियमचे ट्रे, त्यांतून वाफा. शेवटच्या ट्रेत हॉटडिशचा एक तुकडा राहिला होता आणि कोणी तो उचलत नव्हतं. जो येई तो त्याचे दोन भाग करून एक ठेवून जाई. आता तो तुकडा साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता. डॉ. फेरांटेंनी तो सहज उचलून तोंडात टाकला.  एक म्हातारे गृहस्थ दुसरीकडे बघू लागले.

वर्लिननेही दुसऱ्या ट्रेतला घास घेतला. मार्लिसच्या हातची चव. अगदी तीच. सगळं गाव हिचीच नक्कल करतं, असं त्याला वाटलं आणि जरा अभिमानही वाटला.

"पास्टरबाई," डॉ. फेरांटे म्हणाल्या, "या गावातल्या त्र्याहत्तर टक्के लोकांना नवा व्यवसाय सुरू केलेलं कोणीतरी माहीत आहे. मी सकाळपासून हिंडतेय, मला एकही मिळालेलं नाही. तुमच्या ओळखीत आहे कोणी?"

"आहे की," पास्टर इंगा म्हणाल्या. "हे जेवण कुठून आलं मग? पूर्वी अंत्यविधीला आमच्या बायका इथे खाली रांधायच्या. त्या थकल्या. जिच्या अंत्यविधीला आज हे जेवण आहे, ती त्यातलीच एक. आता सगळं बाहेरून येतं. आसपासच्या सात चर्चमध्ये जातं." आणि त्यांनी वर्लिनकडे बघून मान लववली. "परमेश्वराची कृपा आहे."

"नाव सांगा," डॉ. फेरांटे म्हणाल्या.

"मॅडम, नाव नको," वर्लिन मध्ये पडला. "आपल्या नियमांत..."

"बरं, नाव नको. घर दाखवा."

पास्टरबाईंना अवघडल्यासारखं झालं. "टॅमरॅक रस्ता. पिवळं घर. गॅरेज असूनसुद्धा ज्यांची गाडी बाहेर थंडीत उभी असते, ते."

"गॅरेज असून गाडी बाहेर?" वर्लिन हसला. "कोण एवढा शहाणा..."

बोलता बोलता तो थांबला. पास्टर इंगा छताकडे बघत होत्या.

गाडी टॅमरॅक रस्त्यावर आली. पिवळ्या घरासमोर वर्लिनची मोटार बर्फाच्या उशीसारखी उभी होती. त्याने स्वतःच्या गॅरेजच्या दारावर टकटक केली. दार वर गेलं आणि उबदार, कांद्याच्या वासाची हवा अंगावर आली.

आत चार उभे फ्रीझर होते. दोन भट्ट्या होत्या. भिंतभर फळ्या, त्यांवर ट्रेंची चळत. फळ्यांचं काम हालवरच्या हातचं, ते वर्लिनने लगेच ओळखलं. निदान तेवढं तरी त्याने ओळखलं. मध्ये एक लांब टेबल, त्यापाशी केसांना जाळी बांधलेल्या तीन बायका. एक शेजारची लोइस. एक डोरीनबाई. आणि तिसरी मार्लिस, कोपरापर्यंत खिम्यात.

"आलास?" मार्लिस म्हणाली. "पाय पूस."

वर्लिनने पाय पुसले.

"तुम्ही रजेवर आहात ना?" त्याने डोरीनबाईंना विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते सुचेना.

"अंत्यविधीच आहे हा," डोरीनबाई म्हणाल्या. "स्वयंपाकाची बाजू. मी सांगत होते तुला. तू म्हणालास नाव नको."

डॉ. फेरांटे फ्रीझर उघडून बघत होत्या. ट्रेंना चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं: हालवर, वाटाणे नकोत.

"हालवर तर जिवंत आहे," वर्लिन म्हणाला.

"त्याला आधीच सांगून ठेवायचं होतं," मार्लिस म्हणाली. "पुष्कळ जण ठेवतात. आपल्या जेवणात काय असावं यावर माणसाचं मत असतं आणि त्या दिवशी ते विचारता येत नाही."

डॉ. फेरांटेंनी फ्रीझर बंद केला. "म्हणजे ऑस्बी, त्र्याहत्तर टक्के लोक ज्या कोणाबद्दल बोलत होते..."

"हो."

"सगळे मिळून एकच."

"तसं दिसतंय खरं."

"तुमच्या पत्नी."

 सगळ्या गावाच्या तोंडी असलेला एकमेव नवा व्यवसाय वर्लिनच्या पलंगापासून एका भिंतीपलीकडे होता. त्या व्यवसायाबद्दल सगळं गाव त्याचं अभिनंदन करत होतं आणि तो ते आकड्यांबद्दलचं समजत होता. वर्षभर रोज रात्री तो उरलेला माल जेवत होता.

"पण मी तुला विचारलं होतं," अखेर तो मार्लिसला म्हणाला.  "टेबलावर. स्पष्ट शब्दांत. तू नाही म्हणालीस."

मार्लिसने हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि टॉवेल नीट घडी करून ठेवला.

"तू एकदाच विचारलंस," ती म्हणाली. "मी डाव धरून थांबले होते. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं की थोडंफार चाललंय. तिसऱ्यांदा विचारलं असतंस तर हाताला धरून इथे आणलं असतं. तू म्हणालास, प्रश्न झकास चालतोय."

लोइसने गाजर चिरायचं थांबवलं. फ्रीझर गुरगुरत होते.

"मला वाटत होतं," मार्लिस म्हणाली, "मुलुखभरातल्या लोकांना विचारतो, आपल्याला एकदा नीट विचारेल."

वर्लिनने टोपी काढली. मग डॉ. फेरांटे आहेत, विमान आहे, तळघर आहे, हे सगळं विसरून तो टेबलाच्या अलीकडून म्हणाला, "मार्लिस, गेल्या बारा महिन्यांत तू नवा व्यवसाय सुरू करण्यासाठी काही केलं आहेस का?"

"छे," मार्लिस म्हणाली. "असंच आपलं."

"नवा व्यवसाय सुरू करण्यासाठी काही केलं आहेस का?"

"म्हणजे, थोडंफार. लोक सांगतात म्हणून."

"काही केलं आहेस का, मार्लिस?"

"हो," मार्लिस म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. "सात चर्च आहेत. एप्रिलपासून आठ. आणि मला ते फार आवडतं."

"एक!" वर्लिन ओरडला. बर्च पोर्टेजमध्ये कोणी ओरडल्याला बरीच वर्षं झाली असावीत, कारण लोइसच्या हातातून गाजर पडलं. "मॅडम, एक झालं. या दोघी भागीदार आहेत, म्हणजे तीन. डोरीनबाई, गेल्या बारा महिन्यांत तुम्ही, एकट्याने किंवा कोणाबरोबर..."

"छे, मी नुसती मदतीला येते," डोरीनबाई म्हणाल्या.

"काही केलं आहे का?"

"कांदे चिरते, एवढंच."

"ऑस्बी," डॉ. फेरांटे घड्याळ बघत म्हणाल्या.

"एकदाच राहिलं, मॅडम, आता त्या हो म्हणतील. आणि लोइसला तीनदा. पाच मिनिटं."

"ऑस्बी, पेरूमध्ये हा प्रश्न एकदा विचारतात. पोलंडमध्ये एकदा विचारतात. तुमच्यासाठी तीनदा विचारला तर ती पाहणी राहत नाही, ती मनधरणी होते." त्यांनी हातमोजे चढवले. त्यांचा आवाज मात्र पहिल्यांदाच मऊ झाला होता. "तुमचं शून्य बरोबर होतं. माणसं जे म्हणाली तेच तुम्ही लिहिलंत. पण अशा शून्यासाठी माणूस लागत नाही. ते यंत्रही काढील."

"एक ट्रे नेता का सोबत?" मार्लिसने त्यांना विचारलं.

"हो, नेते की," डॉ. फेरांटे म्हणाल्या.

मार्लिस दचकली, पण तिने ट्रे दिला.

तळघराच्या खोलीला उन्हाळ्यात कुलूप लागलं. फोन आयोवाला गेले, हीटर कॅन्टीनला. वर्लिन आता सकाळी संख्याशास्त्र शिकवतो आणि दुपारी गॅरेजमध्ये असतो. वाटाणे आणि हिशेब त्याच्याकडे आहेत. ट्रे पोचवायलाही तोच जातो, म्हणून गाडी तेवढी सुरू राहावी लागते. ती अजून बाहेरच उभी असते.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी गॅरेजमधला फोन वाजला. वाटाण्यांची पिशवी काखेत धरून वर्लिनने तो उचलला. आयोवाचं यंत्र बोलत होतं, गोड आवाजात, आणि शब्द न् शब्द त्याच्या ओळखीचा होता. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही, एकट्याने किंवा कोणाबरोबर, नवा व्यवसाय सुरू करण्यासाठी काही केलं आहे का? हो असेल तर एक दाबा. नाही असेल तर दोन.

फोनच्या पलीकडे कोणी माणूस नव्हतं. कोणी ऐकत नव्हतं. वर्लिनचं बोट हवेत थोडं रेंगाळलं. मग त्याने बटण दाबलं आणि फोन कानाला तसाच धरून थांबला. यंत्राने आभार मानले. तरी तो थांबला. मग नुसती घरघर यायला लागली, तेव्हा त्याने फोन ठेवला.

"कोणाचा होता?" भट्टीपाशी वाकलेल्या मार्लिसने विचारलं.

"कोणाचा नाही."

"कोणाचा होता, वर्लिन?"

"असंच. आयोवाचा."

मार्लिसने भट्टीचं दार लावलं आणि त्याच्याकडे वळली. "काय उत्तर दिलंस?"

वर्लिनने वाटाण्यांची पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"नाही म्हणालो," तो म्हणाला. "त्याने एकदाच विचारलं."